किमान शिल्लक

बँकेत बावीस वर्षं काढली, की माणसाला हिशेब येवो न येवो, दोष कुठे ठेवायचा हे बरोबर कळतं. तो यंत्रावर ठेवायचा. यंत्र उलट बोलत नाही, वरिष्ठांकडे अर्ज करत नाही आणि मोर्चाही काढत नाही. काउंटरपलीकडची रांग चिडली, की मी ‘लिंक नाही’ एवढे दोनच शब्द उच्चारतो आणि नजर छताकडे लावतो. छताला पंख्याशिवाय काही नसतं. पण लोकही वर बघतात, आणि तेवढ्यात माझा चहा पिऊन होतो.

या विद्येत आमचे चिरंजीव माझ्याही पुढे जातील, याची मात्र मला कल्पना नव्हती.

हकिगत २०२५ च्या उन्हाळ्यातली. चिरंजीवांची बारावी नुकतीच संपली होती. बारावी संपलेला मुलगा आणि वऱ्हाडातला मे महिना एका घरात आले, की इतरांनी बेतानंच बोलावं; दोन्ही तापलेले असतात. चिरंजीव दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून ‘व्हॅलोरंट’ नावाचा बंदुकांचा खेळ खेळत. हा खेळ जगात आला २ जून २०२० ला, म्हणजे सगळं जग घरात कोंडलेलं असताना. पाच गडी एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला. एका पक्षानं एक स्फोटक वस्तू नेऊन ठेवायची, दुसऱ्यानं ती ठेवू द्यायची नाही. जो पक्ष आधी तेरा डाव मारेल, तो जिंकला. चिरंजीवांच्या संघात एक गडी तिवस्याचा, एक आर्वीचा, एक मोर्शीचा, एक चांदूर रेल्वेचा आणि पाचवे आमचे, कौंडण्यपूरचे. या पाच गावांच्या माणसांना एसटीनं एकत्र यायचं म्हटलं तर सकाळचे निघालेले संध्याकाळी भेटतील. पण हे पाच जण रोज रात्री नऊच्या ठोक्याला एकमेकांच्या कानात ओरडत असत.

एका रात्री मात्र ओरडणं ऐकू आलं नाही. चिरंजीव ताटावर बसले आणि भाकरीचे तुकडे करत राहिले.

“जेवत काहून नाहीस रे?” आमच्या आईनं विचारलं.

“मले टीममधून काढून राह्यले,” चिरंजीव म्हणाले. “समोरचा दिसला, की आपला पीसी अडकते. सुटते, तवा मी मेलेलो असतो.”

“कोन मेलं वं?” आईनं घाबरून सौ.ला विचारलं. तिला अर्धंच ऐकू येतं, आणि नेमकं तेच अर्धं येतं.

मग चिरंजीवांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर नव्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची यादी होती आणि खाली बेरीज होती: पासष्ट हजार. बेरीज मी तपासून पाहिली. ती बरोबर होती, हेच वाईट झालं. थोरलीची नागपूरची कॉलेजची फी जूनमध्ये भरायची होती आणि स्वयंपाकघरावरचे पत्रे पावसाच्या आत बदलायचे होते. मी काहीच बोललो नाही. पोरगा रागावला असता, ताट सरकवून उठला असता, तर बरं झालं असतं. रागावलेल्या पोरावर निदान ओरडता तरी येतं. त्यानं कागदाची घडी घातली, पुन्हा खिशात ठेवली आणि म्हणाला, “राहू द्या बाबा. मले माहीतच होतं.”

‘माहीतच होतं’ हे शब्द बापाला फार लागतात. रात्री झोप आली नाही. पहाटे मी मनाशी ठरवलं, की नवीन कर्ज मंजूर करता येत नसेल तर निदान जुन्या खात्याची तपासणी तरी करावी. वाणिज्य शाखेच्या पदवीधराच्या हातात दुसरं असतं काय?

आता या जुन्या खात्याविषयी. आमचा कॉम्प्युटर २०१४ च्या दिवाळीत अमरावतीहून आला, फेस्टिव्हल ॲडव्हान्सवर. दहा हप्त्यांत फेडला. आला त्या दिवशी आईनं त्याला हळदीकुंकू लावलं होतं. हळदीचा डाग अजून आहे, कुंकू उडालं. आत चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी मेमरी, फिरत्या तबकडीची हार्डडिस्क. चित्रं काढणारं वेगळं कार्ड नाही. प्रोसेसरच्याच घरात एक ग्राफिक्स नावाचा पोटभाडेकरू राहतो, तो काढतो. त्यावर विंडोज १०, आणि तिची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद व्हायची होती. थोडक्यात, सेवानिवृत्तीला पाच महिने राहिलेला जुना कारकून. अशा माणसाला आपण काय नवीन शिकवणार, असं सगळ्यांनाच वाटतं. पण मीही त्याच वाटेवर असल्यामुळे माझी सहानुभूती त्याच्याकडे होती.

पहिल्या दिवशी मी चिरंजीवांना म्हटलं, “आधी पासबुक दाखव.”

त्यांनी खेळ लावला आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा सुरू केला. हा आकडा म्हणजे कॉम्प्युटर सेकंदाला किती चित्रं काढतो, तो. सिनेमा हलताना दिसतो तो सेकंदाला चोवीस चित्रांवर. पण सिनेमात आपल्याला नुसतं बघायचं असतं, गोळी मारायची नसते. आमचा पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवू शकतो. म्हणजे एका चित्राला साधारण साडेसोळा मिलिसेकंद. तेवढ्यात चित्र तयार झालं नाही, तर जुनंच चित्र पुढे दिसत राहतं आणि शत्रू तोवर पुढे सरकलेला असतो.

“सरासरी ५२ येते बाबा,” चिरंजीव म्हणाले. “तशी वाईट नाही.”

सरासरी! हा शब्द ऐकून माझ्यातला कारकून जागा झाला. अहो, आमच्याकडे अशी शेकडो खाती आहेत. एक तारखेला पगार जमा होतो, पाच तारखेपर्यंत खात्यात हजारो रुपये खेळतात, आणि वीस तारखेनंतर तिथे चिमणी पाणी प्यायला येत नाही. महिन्याची सरासरी काढा, शिल्लक उत्तम दिसते. आणि पंचवीस तारखेला पोराच्या फीचा चेक आला, की तो परत जातो. त्या चेकला सरासरीशी काय करायचं आहे? त्याला त्या दिवशीची शिल्लक पाहिजे.

मी चिरंजीवांच्या मागे खुर्ची टाकून बसलो आणि वहीत आकडे लिहायला लागलो. खेळातला गडी रिकाम्या भिंतीकडे तोंड करून उभा असला, की आकडा ८० वर जायचा. तिथे बघायला काहीच नसायचं. आणि कुणी धूर सोडला, कुणी बर्फाची भिंत उभी केली, चार बाजूंनी गोळ्या सुटल्या, की तोच आकडा एकदम १८. शत्रू हा नेहमी पंचवीस तारखेलाच येतो.

“तुझी सरासरी ठीक आहे,” मी वही मिटून म्हटलं. “तुझी किमान शिल्लक बुडाली आहे.”

चिरंजीवांनी त्या रात्रीनंतर पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कॅबिनेट उघडलं. आत अकरा वर्षांची वर्धेकाठची काळी माती होती. पंख्याच्या पात्यांवर तिचे थर होते, आणि पंख्याखालच्या जाळीतून हवा जायला जागाच नव्हती. एका कोपऱ्यात पालीची दोन अंडीही निघाली. आपला प्रोसेसर तापला, की स्वतःचा वेग आपणच कमी करतो, जळून मरण्यापेक्षा हळू चालणं बरं म्हणून. इतका समंजसपणा आमच्या शाखेत कुणाकडे नाही.

धूळ झटकता झटकता मी सहज म्हणालो, “आमच्या वेळी खेळाचं नावच ‘डस्ट’ होतं.”

चिरंजीवांचा ब्रश थांबला. “काउंटर-स्ट्राइक? डस्ट-टू? तुम्ही?”

मग मला कबूल करावं लागलं. २००१-०२ साली, बी.कॉम. करत असताना, अमरावतीच्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मी तो खेळ खेळलो आहे. कॉस्टिंगचे किती तास तिथे गेले, हे सौ.ला आजही माहीत नाही. चिरंजीव माझ्याकडे असे बघायला लागले, जणू देवघरातल्या पितळी दिव्यातून विजेचा प्रकाश पडला. त्यानंतर त्यांनी मला ‘तुम्हाले नाही समजणार’ असं एकदाही म्हटलं नाही.

प्रोसेसर आणि त्याच्यावरची धातूची जाळी यांच्यामध्ये एक मलम असतं. आतली उष्णता जाळीपर्यंत पोचवणं हे त्याचं काम. आमचं मलम वाळून खडू झालं होतं. तिवस्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या पोराकडून दीडशेची नवी नळी आणली. ती किती लावायची यावर घरात मतभेद झाले. सौ.चं मत पोळीला तूप लावतो तसं, आईचं मत मुरगळलेल्या पायाला लावतो तसं. शेवटी वाटाण्याएवढं लावलं, आणि तेच बरोबर निघालं.

तिसऱ्या दिवशी कर्मचाऱ्यांची हजेरी घेतली. कॉम्प्युटर सुरू होताच कोण कोण कामावर येतं, याची यादी निघते. २०१९ साली भंगारात दिलेल्या प्रिंटरचा मदतनीस रोज वेळेवर हजर होता. मुदत संपलेला एक व्हायरसरक्षक दर तासाला स्वतःचीच आठवण करून देत होता. शेजारच्या नानांचा जमाखर्च लिहायला मी कधीतरी टाकलेला हिशेबाचा प्रोग्राम, चॅटचा एक, गाण्यांचा एक, आणि ‘मी नवीन काही आलं का बघतो’ असं म्हणणारे तीन-चार. काउंटर एक आणि स्टाफ चौदा. आणि त्यातले तेरा काउंटरमागे उभे राहून गप्पा मारताहेत. हे दृश्य मला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. पण मी विषय वाढवला नाही. सगळ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. वीज वाचवण्यासाठी धीम्यानं चालायचा जो नियम विंडोजनं लावलेला होता, तोही काढून पूर्ण वेगाचा लावला.

चौथ्या दिवशी खर्चाकडे वळलो. पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा. मी गुणाकार केला: एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे बारा कोटी चव्वेचाळीस लाख ठिपके. दर सेकंदाला, आमच्या दहा हप्त्यांच्या कॉम्प्युटरनं. मला त्याची दया आली. खेळ १२८० बाय ७२० वर आणला, की एका चित्राचे ठिपके उरतात ९,२१,६००, म्हणजे निम्म्याहूनही कमी. चित्र जरा भरड दिसतं. पण शत्रू ओळखण्यापुरतं दिसतं. चकाकी, कडेची काळसर झाक, स्वतःच्याच हातातल्या बंदुकीची सावली, ही सगळी मानपानाची कलमं मी एकेक करून कापली. ज्याला डोक्यात गोळी बसणार आहे, त्यानं सावलीची हौस कशाला करावी?

दोन गोष्टींवर मात्र पैसे घातले. मेमरीची ४ जीबीची एकच पट्टी होती, आणि तो पोटभाडेकरू ग्राफिक्सही त्याच पट्टीतून उसनवारी करत होता. तशीच दुसरी पट्टी अमरावतीला जुन्या बाजारात सातशेला मिळाली. दोन पट्ट्या दोन खाचांत बसवल्या, की प्रोसेसरला एकाऐवजी दोन वाटांनी देवघेव करता येते. एका काउंटरचे दोन काउंटर होतात, रांग तीच. आणि फिरत्या तबकडीच्या जागी सोळाशेची एसएसडी घातली. तिनं चित्रं वाढत नाहीत. पण ऐन वेळी एखादी फाइल शोधायला शिपाई तळघरात गेला आणि सगळे थांबले, असं होत नाही. मलमासकट एकूण खर्च दोन हजार चारशे पन्नास. सौ.नं डाळीच्या डब्यातून काढून दिले आणि पावती मागितली.

एवढं झाल्यावर आकडा भिंतीपुढे ९० वर आणि धुमश्चक्रीत ५८ वर यायला लागला. चिरंजीव खूश झाले. मी मात्र म्हटलं, आता तो साठावर बांध.

“बाबा! आत्ता तर वाढले अन् तुम्ही कमी करता?”

“पडदा दाखवतो साठच. वरचे तीस जातात कुठे? पगाराच्या पहिल्या आठवड्यातली उधळपट्टी आहे ती. यंत्र उगाच तापतं, आणि तापलं की पंचवीस तारखेला पुन्हा झोपतं.”

तोंड वाकडं करून त्यांनी साठाची मर्यादा घातली. आकडा साठावर असा बसला, जसा खुर्चीवर हेड कॅशियर.

पण वऱ्हाडातला उन्हाळा असा कागदावरचा हिशेब चालू देत नाही. दुपारी पारा ४५ च्या घरात गेला, की कॉम्प्युटर पुन्हा दम टाकायचा. एक दिवस बँकेतून आलो तर आई, सौ. आणि शेजारच्या नानी घामानं निथळत ओसरीत बसलेल्या, आणि घरातला एकुलता एक वाळ्याचा कूलर तोंड फिरवून कॉम्प्युटरला वारा घालतो आहे.

“मशीनले गार हवा अन् मायले झळ!” आई म्हणाली. “कोन्त्या पुरानात लिवलं हाय रे हे?”

कूलरची ओली हवा यंत्राला मानवतही नाही, हे मी शास्त्रीय कारण पुढे करून सोडवलं. कॉम्प्युटर पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून उचलून मधल्या खोलीत आणला, आणि खेळ रात्री नऊनंतर असं ठरलं. कूलरचं तोंड पुन्हा माणसांकडे वळलं.

शेवटची तक्रार राहिली होती निरोपाची. या खेळाचा एक सर्व्हर मुंबईत आहे. इथून बटण दाबलं, की निरोप मुंबईला जाऊन परत येतो, त्याला जो वेळ लागतो त्याला पोरं ‘पिंग’ म्हणतात. या विषयातला आमच्या गावाचा अनुभव जुना आहे. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. तिनं इथून द्वारकेला एका ब्राह्मणाच्या हाती पत्र पाठवलं. आणि भागवतात म्हटलं आहे, की श्रीकृष्ण त्या ब्राह्मणाला रथात घेऊन एका रात्रीत विदर्भात पोचले. दारुकासारखा सारथी आणि चार उमदे घोडे. उलट तिचा भाऊ रुक्मी मागून प्रतिज्ञा करून धावला, हरला, अर्धवट भादरला गेला आणि तोंड दाखवायला नको म्हणून गावात परतलाच नाही; भोजकटाला राहिला. मला वाटतं, निरोप वेळेवर न पोचल्यामुळे टीममधून गेलेला आमच्या गावचा पहिला गडी तो.

आमची पिंग ३८ मिलिसेकंद होती, आणि मधूनच ३०० व्हायची. पुन्हा तेच: सरासरी चांगली, ऐन वेळी घात. कारण साधं होतं. वायफायची पेटी ओसरीत, कॉम्प्युटर मधल्या खोलीत, आणि मध्ये आजोबांनी बांधलेली दीड हात रुंदीची मातीची भिंत. त्या भिंतीतून १९७१ सालापासून आईची हाक पलीकडे गेलेली नाही, तिथे वायफायचं काय? पंधरा मीटर केबल आणली आणि देवघरावरून ओढली. ४० च्या वर आकडा गेला नाही. रुक्मिणीमातेच्या तसबिरीमागून तार जाते, याचं श्रेय आई तिलाच देते, आणि माझ्याजवळ विरुद्ध पुरावा नाही.

मग तो सामना झाला. बाकीच्या चौघांनी ‘एकदा पाहू’ एवढ्या बोलीवर चिरंजीवांना घेतलं होतं. नकाशा ‘लोटस’, भारतातल्या पश्चिम घाटातलं जुनं दगडी देऊळ असावं असं ते ठिकाण, फिरत्या दगडी दारांचं. मी मागे खुर्ची टाकून बसलो. माझी नजर खेळावर नव्हती, कोपऱ्यातल्या आकड्यावर होती. साठ. धूर आला, साठ. दोन स्फोट झाले, अठ्ठावन्न, साठ. सौ. दारात उभी राहून माझाच चेहरा बघत होती. अकरा-बारा अशी वेळ आली. शेवटच्या डावात चारही सोबती मेले आणि उरले आमचे चिरंजीव, समोरही एकच. दगडी दार फिरलं. समोरचा स्वच्छ दिसला, अडखळला नाही, आकडा साठ. चिरंजीवांनी गोळी झाडली.

ती भिंतीला लागली.

अकरा-तेरा. मी वाट पाहत राहिलो. आता ‘पीसी’ असा शब्द येईल, मग मी आकडा दाखवीन, मग भांडण होईल, मग पासष्ट हजारांचा कागद पुन्हा निघेल. चिरंजीवांनी डोक्यावरचं हेडफोन काढलं आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली.

“मीच चुकलो बाबा,” ते म्हणाले. “पीसी बरोबर होता. घाईच केली मी.”

त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. खांद्यावरून पोतं उतरल्यासारखा माणूस दिसतो, तसे ते दिसत होते. टेबलावरच्या हेडफोनमधून आर्वीच्या पोराचा बारीक आवाज येत होता: “उद्या नऊले येजो बे. त्या दाराची प्रॅक्टिस करू.” चिरंजीव उठले, स्वयंपाकघरात गेले आणि उरलेली दीड भाकरी आणि ठेचा उभ्या उभ्या संपवला.

दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर बसलो. लिंक उत्तम होती. मशीन सुरळीत चालत होतं. आणि रांग दारापर्यंत गेलेली होती. सगळ्यात पुढे एक म्हातारी पासबुक घेऊन उभी होती. बराच वेळ वाट बघून तिनं विचारलं, “लिंक नाई का भाऊ?”

सवयीनं माझी नजर छताकडे गेली. तिच्यामागच्या दहा-बारा माना आपोआप वर झाल्या. चहा समोरच होता. पण का कोण जाणे, ते दोन शब्द ओठांवर येईनात. रात्रीची ती भिंतीला लागलेली गोळी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

“लिंक आहे आजी,” मी म्हणालो. “मीच हळू आहे.”

म्हातारीनं मला खालून वर न्याहाळलं. मग पदरानं घाम पुसून ती बाकावर टेकली.

“मंग काई घाई नाई बाप्पा,” ती म्हणाली. “मले वाटलं मशीन बिघडली.”